बहिणीच्या स्केटिंगसाठी जामीनदार व्हावे का?

आदरणीय ताई,
मी २४ वर्षांचा असून मिहानमधील एका कंपनीत नोकरी करतो. माझी १३ वर्षांची बहीण लहानपणापासून चाकांच्या स्केट्सवर आर्टिस्टिक स्केटिंग करते आणि राज्य पातळीवर तिला पदके मिळाली आहेत. आता तिला बर्फावरचे फिगर स्केटिंग शिकून भारताकडून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरायचे आहे, मात्र ती बर्फावर अजून एकदाही उतरलेली नाही. तिला शाळेतून काढून आधी गुरुग्रामला आणि मग परदेशात पाठवायचे बाबांनी ठरवले आहे. त्यासाठी मानेवाड्याचे घर तारण ठेवून ते कर्ज काढत आहेत आणि जामीनदार म्हणून मी सही करावी, असा त्यांचा आग्रह आहे. तिच्या खर्चामुळे गेल्या वर्षी मी एम.टेक.चा प्रवेश सोडला, पण त्याविषयी घरात कोणी बोलत नाही. मला तिचे कौतुक आहे, तरी तिच्या प्रत्येक पदकानंतर मनात काहीतरी टोचते आणि मग स्वतःचीच लाज वाटते. मी सही करावी का?
— एक भाऊ, नागपूर

प्रिय बंधू,

या कागदावर सही करू नका, आणि सही नाकारली म्हणजे बहिणीवरची माया कमी पडली, असे स्वतःला वाटू देऊ नका. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बाबांचे हप्ते थकले तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, आणि उद्या स्वतःच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलात तर हे देणे तुमच्या नावापुढे आधीच उभे असेल. राहते घर आणि तुमची पत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पणाला लागत आहेत, आणि ज्या मुलीसाठी हे सारे चालले आहे तिला बर्फ आवडतो की नाही, हेही अजून कोणाला ठाऊक नाही.

मनात जे टोचते त्याला तुम्ही मत्सर समजत आहात, असे पत्रावरून दिसते. माझे मत वेगळे आहे. तुम्ही प्रवेश सोडलात आणि घरात त्याचा साधा उल्लेखही झाला नाही, हे मूळ दुखणे आहे. ‘तुझ्यामुळे तिचे हे वर्ष निभावले’ एवढे जरी आई-बाबा म्हणाले असते, तरी ती पदके तुम्हालाही आपली वाटली असती. त्या लहान मुलीकडे यातला काहीच दोष जात नाही. तिला बहुधा हे माहीतही नसेल.

आता या खेळाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बाबांपुढे बसाल तेव्हा हीच माहिती तुमच्या उपयोगी पडेल. सीनियर गटातील एकेरीच्या स्केटरला स्पर्धेत दोन कार्यक्रम सादर करावे लागतात, २ मिनिटे ४० सेकंदांचा शॉर्ट प्रोग्रॅम आणि ४ मिनिटांचा फ्री स्केट. सात मिनिटांहूनही कमी असलेल्या या वेळेसाठी वर्षानुवर्षे रोज काही तास बर्फावर आणि तितकेच व्यायामशाळेत घालवावे लागतात. वरच्या पातळीवरच्या बहुतेक मुली पाच-सहा वर्षांच्या असतानाच बर्फावर उतरतात आणि तेराव्या वर्षापर्यंत तिहेरी, म्हणजे हवेत तीन गिरक्यांच्या, उड्या मारू लागतात. चाकांवरून बर्फावर येता येते, हे खरेच आहे. अमेरिकेची तारा लिपिन्स्की आधी चाकांवरच शिकली, पण ती सहाव्या वर्षी बर्फावर आली. १९९८ मध्ये नागानोच्या ऑलिंपिकमध्ये १५ व्या वर्षी तिने सुवर्णपदक जिंकले आणि त्याच वर्षी स्पर्धा सोडून ती व्यावसायिक कार्यक्रमांकडे वळली. तुमच्या बहिणीचा तोल, गिरक्यांची सवय आणि संगीताची समज वाया जाणार नाही. मात्र पोलादी पात्याच्या दोन कडांवर उभे राहणे, पुढच्या दात्यांच्या आधाराने उडी घेणे आणि मागच्या दिशेने एका पायावर उतरणे, हे तिला नव्याने शिकावे लागेल.

बाबांच्या घाईवर मात्र एक भक्कम उत्तर आहे. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघाने जून २०२२ मध्ये सीनियर गटाचे किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ वर नेले. त्यामुळे ती आजच परदेशी गेली तरी सीनियर स्पर्धेत उतरायला तिला काही वर्षे थांबावेच लागेल. एक वर्ष नीट पारख करण्यात गेले, तर दार बंद होत नाही.

‘भारतात स्केटर थोडे आहेत, म्हणून जागा सहज मिळेल’ असे बाबांना कोणी सांगितले असेल, तर ते अर्धेच खरे आहे. जागतिक स्पर्धेसाठी देशाने नाव पाठवणे पुरेसे नसते. त्याआधी मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दोन्ही कार्यक्रमांमध्ये ठरावीक किमान तांत्रिक गुण मिळवावे लागतात, आणि ते अवघड उड्यांशिवाय मिळत नाहीत. हिवाळी ऑलिंपिकमध्ये आजवर भारताची एकही फिगर स्केटर उतरलेली नाही. भारताकडून खेळणारी तारा प्रसाद अमेरिकेत वाढली आणि तिथेच घडली. आपल्याकडे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी देहरादूनला मोठी बंदिस्त रिंक, म्हणजे स्केटिंगसाठी बर्फाचे मैदान, बांधली गेली. ती त्यानंतर बराच काळ बंद राहिली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. गुरुग्रामची रिंक मॉलमधली आहे आणि आकाराने लहान आहे. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि चाकांचा सरावही पहाटेच उरकावा लागतो, त्या नागपुरातून ही वाट किती लांबची आहे, हे बाबांनी आधी समजून घ्यायला हवे.

खर्चाचा हिशेब तर कधी संपतच नाही. बर्फावरच्या प्रत्येक तासाचे पैसे, प्रशिक्षकाचे मानधन, वेगवेगळे घ्यावे लागणारे बूट आणि पाती, पात्यांना वरचेवर लावावी लागणारी धार, नृत्यरचना, पोशाख, फिजिओथेरपी, व्हिसा आणि विमानभाडे हे सगळे धरा, आणि वाढत्या वयात बूट लवकर लहान होतात, हेही विसरू नका. बक्षिसाची रक्कम मोठ्या स्पर्धांत वरच्या काही क्रमांकांनाच मिळते. म्हणून अनेक आंतरराष्ट्रीय स्केटर लहान मुलांना शिकवून स्वतःच्या सरावाचा खर्च भागवतात. पुढे प्रशिक्षण, नृत्यरचना, बर्फावरचे कार्यक्रम किंवा परीक्षण यांत उपजीविका होऊ शकते, परंतु घराचे हप्ते फेडण्याचा आधार म्हणून यातल्या कशाकडेही पाहता येणार नाही.

पैशांपेक्षा मला जास्त काळजी तिच्या शरीराची वाटते. प्रत्येक उडीनंतर वजनाच्या कित्येक पट भार एकाच पायावर येतो आणि ती वाढीच्या वयात आहे. रशियाच्या युलिया लिपनित्स्कायाने २०१४ मध्ये सोचीच्या ऑलिंपिकमध्ये १५ व्या वर्षी सांघिक सुवर्ण मिळवले, पण वजनाच्या धास्तीतून आलेल्या आहाराच्या विकारावर उपचार घेत २०१७ मध्ये, विशीही न गाठता, तिने खेळ सोडला. तुमची बहीण कुठेही शिकायला गेली तरी तिचे जेवण, तिची झोप आणि मासिक पाळी नियमित आहे का, हे आईने स्वतः विचारत राहिले पाहिजे. पाळी बंद होणे हा या खेळात धोक्याचा इशारा आहे आणि ‘खेळाडूंना असे होतेच’ म्हणून तो सोडून देता येत नाही.

मग करायचे काय? येत्या सुट्टीत आईने तिला तीन-चार आठवडे देहरादूनला किंवा गुरुग्रामला न्यावे, भाड्याचे स्केट्स घ्यावेत आणि तिथल्या प्रशिक्षकाकडून तिची पारख करून घ्यावी. शक्य असेल तर या खर्चाचा एक भाग तुम्ही उचला. रक्कम आधी ठरवा आणि ती परतफेडीची अपेक्षा न ठेवता द्या. परत आल्यावर बाबांना बाजूला ठेवून तिला एकटीला विचारा की पहाटेची थंडी, पडणे, मैत्रिणींपासून दूर राहणे हे सगळे धरून तिला हे हवे आहे का. अमेरिकेची अलिसा ल्यू २०२२ मध्ये १६ व्या वर्षी खेळ सोडून गेली, दोन वर्षांनी स्वतःच्या मर्जीने परतली आणि २०२५ मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली. मुलीची स्वतःची इच्छा किती मोलाची असते, ते यावरून बाबांना सांगता येईल.

शाळा तडकाफडकी सोडू नये. पुढे खरोखरच गरज पडली तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते. आणि बर्फ जमला नाही, तर चाकांवरही मोठे व्हायला जागा आहे. अनुपकुमार यामा याने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत चाकांवरच्या आर्टिस्टिक स्केटिंगमध्ये भारताला कांस्यपदक मिळवून दिले होते. तुमच्या बहिणीची आतापर्यंतची मेहनत याच खेळातली आहे, आणि तिने इथेच राहायचे ठरवले तर ती माघार समजू नका.

बाबांशी बोलताना आवाज चढवू नका आणि आईला मध्यस्थ करू नका. ‘मी जामीनदार होणार नाही, पण तिच्या पहिल्या महिन्याच्या खर्चाचा एक भाग मी उचलतो,’ हे वाक्य सुरुवातीलाच सांगा, म्हणजे नकारासोबतच तुमची तयारीही त्यांना दिसेल. ते रागावतील आणि कदाचित काही दिवस अबोलाही धरतील. तो सोसावा लागेल. गेल्या वर्षी काय सोडले, तेही त्याच बैठकीत एकदा स्पष्ट सांगा, दोषारोप न करता. गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा गुणांक निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरला जातो. तुमचा प्रवेश गेटवर होत असेल, तर त्या गुणांकाची मुदत कधी संपते ते याच आठवड्यात तपासा आणि बाबांशी बोलण्याची वाट न पाहता या वर्षीचा अर्ज भरून टाका.