वाचक विचारतात : जिम, दवाखाना की शाळेचं ग्राउंड?

बारावीचे अन् डिग्रीचे निकाल लागले की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषयच बदलून जाते, सगळीकडून "ताई आता काय करू" सुरू होते. यावेळी बरीच पत्रं फिटनेस अन् आरोग्याच्या लाईनबद्दल आहेत. त्यातली तीन घेतली, बाकीच्यांचे प्रश्न साधारण यातच येऊन जातात.

प्रश्न : ताई नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातला, वय 22, बी.ए. फायनलला आहे, बारावी पण आर्ट्सच. पोलीस भरतीत ग्राउंड चांगलं निघते पण लेखीत मागं पडतो. आता गावातले पोट्टे सकाळी माझ्याकडे रनिंगला येतात, मी त्यांच्याकडून 1600 मीटर अन् गोळ्याची प्रॅक्टिस करून घेतो, पैसे घेत नाही. तालुक्याच्या एका जिमवाल्यानं ट्रेनर म्हणून ये म्हटलं. बाबा म्हणतात बी.पी.एड. कर अन् शाळेत लाग. मामेभाऊ नागपूरला असते, तो म्हणते फिजिओथेरपी कर, त्यात लय स्कोप आहे. मले काहीच सुचून नाही राहिलं.

उत्तर : भाऊ, आधी फिजिओथेरपीचं मिटवून टाकू. त्या डिग्रीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागते अन् आपल्या राज्यात प्रवेश नीट या परीक्षेच्या मार्कांवर होतात. म्हणजे तुला परत बारावी सायन्स, मग नीट, मग साडेचार-पाच वर्षं, तिशी गाठशील. मामेभाऊ तुझ्या भल्याचंच सांगत असेल पण तुझी बारावी आर्ट्सची आहे हे त्याच्या ध्यानात नसावं. अन् कोणी म्हटलं की दोन-तीन महिन्यांचा कोर्स कर अन् बोर्ड लाव, तर अजिबात ऐकू नको. फिजिओथेरपिस्टची राज्यात कौन्सिल आहे, तिथं नोंदणी लागते, अन् ते उगाच नाही. लकवा झालेल्या माणसाला हात धरून ओढून उठवलं तर खांदा जागचा सरकते अन् मग महिनोन्महिने दुखत राहते, हे ज्याला शिकवलंच नाही त्यानं पेशंटला हात लावू नये.

मला वाटते या सगळ्या लाईनमध्ये पहिला प्रश्न पगाराचा नाहीच. तुला धडधाकट माणसाला आणखी दमदार करायचं आहे, का आजारी माणसाला परत उभं करायचं आहे, हा आहे. ही दोन कामं बाहेरून सारखी दिसतात पण रोजचा दिवस एकदम वेगळा जाते. तुझं पत्र वाचून मला तर सरळ दिसते की तू पहिल्यातला आहेस, कोणी न सांगता, पैसे न घेता पहाटे उठून पोरं पळवून राहिला आहेस.

बी.पी.एड., म्हणजे शाळेत खेळ-व्यायाम शिकवायची डिग्री, दोन वर्षांची आहे. सीईटी असते, त्यात फील्ड टेस्टही असते, तिथं तुला अडचण यायची नाही. पदवीला साधारण 50 टक्के अन् खेळात भाग घेतल्याचं सर्टिफिकेट लागते (राखीव प्रवर्गाला टक्क्यात सूट असते), म्हणून शाळा-कॉलेजात कबड्डी, अॅथलेटिक्स जे काही खेळला असशील त्याचे कागद आत्ताच शोधून ठेव, नेमके तेच वेळेवर सापडत नाहीत. तुझ्या जवळच अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, 1914 मध्ये सुरू झालेलं, इथल्या पथकानं 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. एवढी मोठी जागा एसटीच्या अंतरावर असताना आपले पोरं पुण्याच्या जाहिराती पाहत बसतात याचं मला खरंच वाईट वाटते. एकदा जाऊन ये, नुसतं ग्राउंड पाहून ये.

पण बाबांना एक गोष्ट बसून समजावून सांग. बी.पी.एड. झालं म्हणजे शाळेत लागलं हे दिवस गेले. शिक्षकांची भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून होते, त्याच्यासाठी अभियोग्यता चाचणी द्यावी लागते, अन् जागा पटावर ठरतात. खेड्यातल्या शाळांचा पट कमी होऊन राहिला, तिथं पीटीच्या सरांची जागा निघणं कठीणच. म्हणून बी.पी.एड. कर, पण एका नोकरीच्या भरवशावर नको, शरीर कसं चालते अन् सराव कसा लावायचा हे नीट शिकायला म्हणून कर.

जिमचं म्हणशील तर पार्ट टाईम घे. पहाटे उघडा, दुपारी रिकामे बसा, संध्याकाळी परत रात्रीपर्यंत, असा तो दिवस असते, अन् पोरं पळवायची तुझी वेळही पहाटेचीच, म्हणून संध्याकाळची पाळी मागून घे. तालुक्याच्या गावात पगार बेताचाच असते, खरा पैसा पर्सनल ट्रेनिंगचा अन् तो मोठ्या शहरात. पण शिकायला मिळते. तिथं पन्नाशीचे काका येतील, पोट कमी करायचं म्हणतील, त्यांना वजन उचलायला लावायच्या आधी विचारायचं, बीपीची गोळी चालू आहे का, छातीत दुखते का, चक्कर येते का, गुडघ्याचं ऑपरेशन झालं का. हे न विचारता बेंच प्रेसवर झोपवणारा ट्रेनर मला चालत नाही. अन् मालक पावडरचे डबे विकायला लावेल, तिथपर्यंत ठीक, पण बॉडी बनवायचं इंजेक्शन किंवा गोळी कोणाला द्यायची गोष्ट निघाली तर त्या दिवशी जिम सोडून दे.

आता तुझे पोट्टे. उद्या आले की एकेकाला बाजूला घेऊन विचार, सिकलसेलची तपासणी झाली का. हा रक्ताचा आजार आईबापाकडून येते अन् आपल्या विदर्भात बराच आहे, कोणाची जात-जमात पाहून नको, सगळ्यांनाच विचार. जो नुसता वाहक आहे, म्हणजे एएस, त्याला रोजच्या जगण्यात काही होत नाही, पण उन्हात, पाणी न पिता, पहिल्याच दिवशी जीव तोडून पळवलं तर त्रास होऊ शकते, क्वचित जीवावरही बेतते. म्हणून अंतर हळूहळू वाढव, मधे थांबून पाणी प्यायला लाव, एप्रिल-मेमध्ये उजाडायच्या आतच उरक. पळता पळता कोणाचे पाय एकदम लुळे पडले किंवा दम कोंडला तर "पळ, पळ" म्हणून ओरडू नको, त्याला बसव, सावलीत घे, दवाखान्यात ने. अन् जो एसएस आहे, म्हणजे ज्याला आजारच आहे, त्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय पळवायचंच नाही. दुसरं म्हणजे नडगी दुखते म्हणणाऱ्या पोराला डांबरी रस्त्यावरून काढून पांदणीच्या मातीवर आण अन् काही दिवस पळणं कमी कर, नडगीवर बोट दाबलं अन् एकाच जागी कळ निघाली तर डॉक्टरला दाखवल्याशिवाय पळवू नको. छाती दाबून जीव वाचवायचं, म्हणजे सीपीआरचं ट्रेनिंग तर घेच, छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसात निदान 5 सेंटीमीटर खोल, हे हाताला सवयीचं झालं पाहिजे.

पुढं जमलं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोचिंगचा सर्टिफिकेट कोर्स कर, तिथं डिप्लोमाही आहे. अन् आजपासून फी घे, थोडी का होईना. ज्याच्या घरी खरंच नाही त्याची माफ कर, पण बाकीच्यांकडून घे, तू जे करतो ते काम आहे.

प्रश्न : मी आरमोरी तालुक्यातली आहे, बारावी सायन्स झाली, बायोलॉजी होतं. नीटमध्ये एमबीबीएस, बीएएमएस लागण्याएवढे मार्क नाहीत. घरी धानाची शेती आहे, पैसे जास्त नाहीत. बी.एस्सी. नर्सिंग, फिजिओथेरपी आणि डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा) असे तीन ऑप्शन आहेत. नर्सिंग म्हटलं की आई नको म्हणते, रात्रपाळी असते, लोक बोलतात. मी फार बोलकी नाही, पण अभ्यास मन लावून करते. ताई, तुम्ही माझ्या जागी असत्या तर काय घेतलं असतं?

उत्तर : बाई, आधी आईशी बोलते. वहिनी, ज्या सिस्टर रात्री जागतात त्यांच्यामुळं आपल्या लेकीसुना बाळंतपणातून सुखरूप घरी येतात. लोक काय बोलतात त्याच्यावर पोरीचं शिक्षण ठरवू नका. रात्रपाळीत सोबत कोण असते, हॉस्टेल कसं आहे, ड्युटीवरून यायची जायची सोय काय, हे मात्र जरूर विचारा, ते आईनं विचारलंच पाहिजे.

आता तू. नर्सिंगची डिग्री चार वर्षांची, सीईटी असते. नोकरी लवकर लागते हे खरं आहे, अन् आता गावातल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना घेतात. ते पद कंत्राटी असते हे लक्षात ठेव, पण गावातल्या बीपी-शुगरच्या लोकांचं पहिलं दार तेच. तुझ्याच गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय अन् डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना शिकवून नवजात बाळं घरच्या घरी सांभाळून दाखवली, मग चार वर्षं शिकलेली पोरगी गावासाठी काय करू शकेल याचा विचार कर. पण नर्सचा अर्धा दिवस बोलण्यात जाते, पेशंटशी, नातेवाईकांशी, डॉक्टरशी, कधी भांडणारे नातेवाईकही येतात. तू बोलकी नाहीस म्हणून जमणार नाही असं नाही, शांत सिस्टर पेशंटला आवडतेच, पण रोज तेच करायचं आहे हे मनाला विचार.

फिजिओथेरपी चांगली लाईन आहे, नागपूरच्या मेडिकलमध्ये आहे, वर्ध्याजवळ सावंगीला आहे. तिथं धीर लागते. लकव्याचा पेशंट आज बोट हलवते, महिनाभरानं मूठ उघडते, तोवर रोज त्याच्याकडून तेच करून घ्यायचं, अन् घरचे म्हणतात नुसता मशीनचा शेक द्या. खेड्यात अजून लोकांना शेक अन् मालीश एवढंच माहीत आहे. सुरुवातीची काही वर्षं कमाई कमी राहील, घरून आधार असला तर जा.

तुझ्या स्वभावाकडं पाहून मी मात्र लॅबकडं झुकते. सिकलसेलची साधी तपासणी कशी होते सांगते. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात टाकायचा, थोडा वेळ थांबून नळीच्या मागं रेघांचा कागद धरायचा. रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह, नळी गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह, मग वाहक आहे का आजार आहे हे पाहायला पुढची तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस वगैरे. आता विचार कर, ती नळी धरणाऱ्या हाताचं लक्ष दुसरीकडं असलं अन् लेबल अदलाबदल झालं तर कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण त्या चुकीवर चालत राहील. इथं तुझ्यासारखी मन लावून काम करणारी पोरगीच पाहिजे. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम 1 जुलै 2023 ला सुरू झाली, गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात हे काम आहे अन् राहील.

पण नुसत्या डीएमएलटीवर थांबू नको. आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.एम.टी. नावाची डिग्री आहे, तीन वर्षं अन् एक वर्ष इंटर्नशिप, त्यात लॅबची शाखा आहे, सरकारी मेडिकल कॉलेजात चालते. आपल्याकडं हिचं नावही कोणाला माहीत नसते, अन् पोरी गल्लीतल्या इन्स्टिट्यूटमध्ये पैसे भरून बसतात. आधी हिचा फॉर्म भर, नाही लागलं तर डीएमएलटी. कोणतंही कॉलेज घेताना एकच विचारायचं, इथून पास झालेल्यांची परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, नर्सिंग असलं तर नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का. तोंडी उत्तर नको, कागद दाखवा म्हणायचं. "होऊन जाते हो" म्हणणाऱ्याकडं फी भरू नको.

पैशाचं घाबरू नको. 2024-25 पासून राज्यात मुलींसाठी व्यावसायिक कोर्सची शिक्षण अन् परीक्षा फी माफ आहे, पण मुलगी ओबीसी, एसईबीसी नाहीतर ईडब्ल्यूएस पाहिजे, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे, अन् प्रवेश सरकारी प्रक्रियेतून झालेला पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. एससी-एसटीला आपल्या शिष्यवृत्त्या आहेतच. तुझा कोर्स त्यात बसते का हे महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी वेबसाइटवर पाहून घे, उत्पन्नाचा अन् जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेयर लागत असेल तर तेही, तहसीलमध्ये आत्ताच टाकून दे. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र वेगळा लागेल, तेवढा बाबांशी बोलून ठेव.

अन् फॉर्म भरायच्या आधी आरमोरीच्या सरकारी दवाखान्यात जा, डॉक्टरांची परवानगी घेऊन एक सकाळ लॅबमध्ये बस, एक वॉर्डात. जिथं वेळ कसा गेला ते कळलं नाही, ते घे.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातली गृहिणी, वय 36, शिक्षण बारावी. टीव्हीवर पाहून योगा शिकले, पाठदुखी कमी झाली. आता गावातल्या बायका म्हणतात आम्हालाही शिकवा. क्लास सुरू करू शकते का? का हे वय निघून गेलं?

उत्तर : वय कुठं निघून गेलं ताई, उलट चाळिशीच्या बायकांना तुमच्याच वयाची शिकवणारी पाहिजे असते. पण टीव्हीवरून शिकलेलं दुसऱ्याच्या अंगावर वापरू नका, आधी कोणाच्या तरी नजरेखाली शिका. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाचं काम बघा, रामटेकच्या कालिदास संस्कृत विद्यापीठात योगाचे कोर्स आहेत, अन् आयुष मंत्रालयाच्या योगा सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा आहे, तिची पहिली पायरी तुमच्यासारख्यांना जमण्यासारखी आहे.

कापूस वेचणाऱ्या बाईची कंबर दिवसभर वाकलेली असते, तिला क्लासमध्ये आणखी पुढं वाकवू नका, मागं ताण देणारी सोपी आसनं अन् श्वास यांच्यापासून सुरू करा, तेही दुखेल तिथं थांबून. पायात मुंग्या येतात, कळ पायापर्यंत उतरते असं कोणी सांगितलं तर आधी डॉक्टर. गरोदर बाई, बीपीवाली, पोटाचं ऑपरेशन झालेली, यांची वेगळी नोंद ठेवा. अन् शुगरची, बीपीची गोळी बंद करा असं तुमच्या तोंडून एकदाही निघू देऊ नका, कोणी कितीही विचारलं तरी.

वेळ सकाळची ठेवू नका, तेव्हा पाणी, डबे अन् शेताची घाई असते. वेचणीच्या दिवसांत रात्री जेवणाच्या आधी, समाजमंदिरात, ग्रामपंचायतीला अर्ज देऊन. बचत गटाच्या बायकांपासून सुरू करा, फी महिन्याची घ्या अन् वहीत लिहा.