कॅनडात गॅरेज सेलमध्ये भारतातून आणलेला बेबी वॉकर विकता येतो का?

नाही, विकता येत नाही, आणि फुकट पण देऊ नका. बाळाला मधे बसवून चारी बाजूंनी चाकं असलेला वॉकर कॅनडात एप्रिल २००४ पासून बंद आहे, विक्री, आयात, जाहिरात सगळंच, आणि हा नियम दुकानांसारखाच घरगुती सेललाही लागू होतो, वापरलेला असला म्हणून सूट नाही. मी आमचा सेल लावायच्या आधी हेल्थ कॅनडाचे (तिथलं सरकारी आरोग्य खातं) सेकंडहँड वस्तूंचे नियम वाचले त्यात हे स्पष्ट दिलंय. कारण म्हणजे जिने, इकडे बहुतेक घरात बेसमेंटला उतरणारा जिना असतो आणि वॉकरमधलं बाळ एका क्षणात तिथपर्यंत पोचतं, आपण धावेपर्यंत डोक्यावर पडलेलं असतं. आजीने कितीही हौसेने पाठवलेला असला तरी मोडून मगच कचऱ्यात टाका, नाहीतर कोणीतरी उचलून नेतं. आपला लाकडी पांगुळगाडा मात्र वेगळा, तो बाळ उभं राहून मागून ढकलतं, त्यामुळे या बंदीत तो येत नाही.

सेल लावतच असाल तर हेही बघून घ्या:
- बाजू खालीवर सरकणारा क्रिब (बाळाचा कठड्याचा पलंग): २०१६ च्या शेवटापासून विकायला बंदी
- कार सीट: एक्सपायरी गेलेली किंवा ॲक्सिडेंट झालेली नको, शिवाय कॅनडाचा नॅशनल सेफ्टी मार्कचा स्टिकर हवाच, भारतातून आणलेल्या सीटवर तो नसतो

कपडे, पुस्तकं बिनधास्त विका, फक्त हुडीच्या गळ्यातल्या नाड्या काढून टाका.