बँकॉकला एकच दिवस, आणि यादी चौदा ठिकाणांची

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की विमान बदलताना एखादा दिवस मोकळा मिळणार असेल तर तो बँकॉकला मिळावा, आणि झालं, पत्रांचा ढीग. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातली सगळ्यांच्या कामाची पाच-सहा निवडलीयेत.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं आणि सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुर करतात पण उत्साह आमच्या दुप्पट) सकाळी ६ ला सुवर्णभूमी एअरपोर्टला उतरतोय, पुढचं विमान रात्री साडेअकराला. भाच्याने १४ ठिकाणांची यादी करून दिलीये, तासातासाचं टाइमटेबल पण आहे. जमेल का? टॅक्सी दिवसभरासाठी ठरवावी का?

उत्तर: भाच्याला सांगा यादी छान आहे, तीन-चार ट्रिपा पुरेल. यादीतला ग्रँड पॅलेस, वाट फो, वाट अरुण आणि चायनाटाउन एवढंच ठेवा, बाकी खोडा. कारण साधं आहे, ही चारही ठिकाणं नदीला धरून आहेत आणि उरलेली दहा शहरभर उधळलेली. बँकॉकचा ट्रॅफिक म्हणजे सिग्नलला उभं राहून अख्खी डुलकी काढता येते असा, त्यामुळे दिवसभराची टॅक्सी म्हणजे टॅक्सीतूनच शहर बघणं. एका दिवसात नदी सोडायची नाही, हे एकदा ठरवलं की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

(वाट म्हणजे थाई भाषेत देऊळ. आमच्या ग्रुपमधले एक काका दर पाटीपाशी "चला, अजून एक वाट लागली" म्हणायचे आणि दर वेळी स्वतःच हसायचे.)

आता क्रम. निघायच्या आधी तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा, १ मे २०२५ पासून ते लागतंच, आणि ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी समजा. व्हिसाचे नियम मात्र बदलत असतात, तिकीट काढल्यावर पुन्हा एकदा अधिकृत साइटवर बघून घ्या. मोठ्या बॅगा एअरपोर्टलाच सामान ठेवायच्या काउंटरवर टाका. मग खाली एअरपोर्ट रेल लिंक पकडायची, मक्कासान स्टेशनला उतरायचं, तिथून पुलावरून चालत फेत्चबुरी मेट्रो स्टेशनला, आणि निळ्या लाइनने थेट सनाम चाय. मेट्रोत बसलं की पुन्हा गाडी बदलायची नाही, ट्रॅफिकचा संबंध नाही. सनाम चाय स्टेशन २०१९ ला सुरू झालं, आत राजवाड्याच्या दरबारासारखे खांब आणि छत केलंय, सासूबाई तिथेच फोटो काढायला लागतील, त्यांना काढू द्या पण घड्याळावर लक्ष ठेवा.

पॅलेस साडेआठला उघडतो आणि तो पहिलाच करायचा, यात तडजोड नाही. आत सावली कमी, फरशी तापते, आणि दहानंतर बसच्या बस येऊन ओततात. तिकीट माणशी ५०० बाथ (बाथ म्हणजे थाई चलन), महाग वाटेल पण त्यातच वाट फ्रा केव म्हणजे पाचूच्या बुद्धाचं देऊळ येतं. पाचूचा म्हणतात खरा, पण मूर्ती हिरव्या जेड दगडाची आहे आणि उंची साधारण ६६ सेंटिमीटर, एवढ्या उंच सोनेरी आसनावर बसवलीये की पहिल्यांदा नजरेत पटकन भरतच नाही. तिची वस्त्रं वर्षातून तीनदा ऋतूप्रमाणे बदलतात, उन्हाळ्याची, पावसाळ्याची, थंडीची, आणि तो मान राजाचा. सासूबाईंना हे सांगा, ज्यांनी घरच्या बाळकृष्णाला थंडीत टोपरं घातलंय त्यांना ते लगेच कळतं. गाभाऱ्यात फोटो काढायचा नाही, आणि खाली बसताना पाय मूर्तीच्या दिशेने करायचे नाहीत, मागे दुमडून बसायचं. गुडघ्यांना झेपत नसेल तर मागे उभं राहून नमस्कार केला तरी चालतो, कोणी काही म्हणत नाही.

कपडे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. स्लीव्हलेसवर नुसती ओढणी घेऊन काम भागेल असं धरून चालू नका, बाह्यांचंच घाला. सलवार-कुडता, साडी सगळं चालतं. मिस्टरांची थ्री-फोर्थ बॅगेतच राहू दे.

तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत वाट फो. आडवा बुद्ध, ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच, देवळाच्या आत एवढा चपखल बसलाय की एका नजरेत पूर्ण कुठूनच दिसत नाही, खांबांच्या मधून तुकड्या-तुकड्याने बघायचा, आधी चेहरा, मग कोपर, मग ते तळवे. तळव्यांवर शिंपल्याचं जडावकाम करून १०८ शुभचिन्हं काढलीयेत. पाठीमागच्या भिंतीला १०८ ब्राँझची भांडी ओळीने मांडलीयेत, सुट्टी नाणी घेऊन एकेका भांड्यात एकेक टाकत जायचं, आणि सगळे एकदम टाकत असतात त्यामुळे पूर्ण देवळात तो टण्-टण् आवाज भरून असतो, माझ्या अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात लक्षात राहिलेला आवाज तो आहे. तिकीट ३०० बाथ. याच आवारात थाई मसाजची जुनी शाळा आहे, भर दुपारी बाहेर चटका असताना सासूबाईंना पायाच्या मसाजला बसवा, तुम्हीही बसा. पॅलेसला दीड-दोन तास उभं राहिल्यावर पाय ते मागतातच, त्याला वेळ फुकट घालवणं म्हणू नका.

ऊन जरा उतरलं की ता तिएनच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे, ५ बाथ, दोन-तीन मिनिटांत वाट अरुण. अरुण म्हणजे आपलाच, सूर्याचा सारथी. लांबून पांढरं दिसणारं ते शिखर जवळ गेल्यावर कळतं की चिनी मातीच्या बशा-वाट्यांच्या तुकड्यांनी आणि शिंपल्यांनी मढवलंय, फुटक्या बश्यांची फुलं केलीयेत. वर कोनाड्यांत इंद्र ऐरावतावर बसलाय, मान वर करून शोधा. तिकीट २०० बाथ. पायऱ्या उभ्या आहेत, सासूबाईंना खालच्या आवारातच बसवा, तिथूनही सगळं दिसतं. भाड्याने थाई पोशाख घेऊन फोटो काढणाऱ्या मुलींची एवढी गर्दी असते की त्यांना बघण्यातच अर्धा तास जातो.

मग नारिंगी झेंड्याची एक्स्प्रेस बोट, १६ बाथ, कुठेही उतरा भाडं तेच. राचावोंग धक्क्याला उतरलात की चायनाटाउन, म्हणजे याओवारात रस्ता, चालत पाच-दहा मिनिटांवर. तिथे दिवे लागायच्या वेळेला पोचायचं, खायचं, आणि सातच्या आत वाट मंगकोन मेट्रो स्टेशनला पोचायचं, कारण तीच निळी लाइन तुम्हाला परत फेत्चबुरीला नेते आणि तिथून एअरपोर्टची गाडी. सकाळी आलात त्याच वाटेने परत. संध्याकाळी सहा-सातला एअरपोर्टसाठी टॅक्सी करायचा मोह झाला तर माझी आठवण काढा, रडत काढावी लागायच्या आत.

प्रश्न: फ्लोटिंग मार्केट, अयुथया आणि सफारी पार्क, तिन्ही एका दिवसात कसं बसवायचं?

उत्तर: नाही बसत. दामनोएन सादुआकचं फ्लोटिंग मार्केट शहरापासून साधारण १०० किलोमीटर एका बाजूला, अयुथया ८० दुसऱ्या बाजूला. अयुथया म्हणजे आपलं अयोध्या नाव, ही जुनी राजधानी १७६७ ला बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केली, मग राजधानी आधी नदीच्या पश्चिमेला थोनबुरीला आणि १७८२ ला पूर्व काठावर, आजच्या बँकॉकला आली. त्या अवशेषांना अख्खा दिवस द्यायला हवा, पुढच्या वेळी द्या.

प्रश्न: आम्ही पक्के शाकाहारी, चातुर्मासात कांदा-लसूणही बंद. ठेपले नेऊ का?

उत्तर: न्या, ठेपले कुठेही वाया जात नाहीत. पण एक थाई शब्द शिकून जा: "जे". "किन जे" म्हणजे मी "जे" पद्धतीचं खाते. हा चिनी बौद्ध परंपरेतला आहार, यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही! अशा दुकानावर पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर असतं, सतरा आकड्यासारखं काहीसं दिसतं, चायनाटाउनच्या बाजूला शोधलं की सापडतं. मला हे कळलं तेव्हा तीन दिवस नुसत्या फळांवर काढून झाले होते.

नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही. समोरचा मान हलवतो, भाजी देतो, आणि त्यात नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस असतो, त्यांच्या लेखी ते मिठासारखं आहे, मासा नाहीच. कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी असते, ती साधी कोशिंबीर समजून मी पहिला घास घेतला होता, पुढचं विचारू नका. "माय साय नाम प्ला", फिश सॉस घालू नका, हे पाठ करा.

बिनधास्त खायचं ते आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात, एप्रिल-मेमध्ये गेलात तर आंब्याला तोड नाही (हापूसशी तुलना करायची नाही, उगाच भांडणं होतात). गाडीवर कापलेला पेरू मिळतो आणि सोबत तिखट-मीठ-साखरेची पुडी, ती चव ओळखीची निघते. आणि अगदीच पोळी-भाजी हवी झाली तर फाहुरात म्हणजे तिथलं लिटल इंडिया, साम योत मेट्रोपासून जवळ, तिथल्या गुरुद्वाऱ्याचा सोनेरी घुमट लांबून दिसतो.

प्रश्न: नऊ वर्षांच्या मुलाला देवळं बघून कंटाळा येईल का? मोबाईल काढून घेतला की तोंड पाडतो.

उत्तर: त्याला रामायण माहितीये का? मग पॅलेसच्या आतल्या वाट फ्रा केवला चहूबाजूंनी जी ओवरी आहे तिथे सोडा. भिंतींवर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत काढलंय. नावं थोडी वेगळी, राम तो फ्रा राम, लक्ष्मण फ्रा लाक, रावण म्हणजे थोत्सकान, म्हणजे दशकंठ, हिरव्या तोंडाचा. हनुमान पांढराशुभ्र.

आणि गोष्ट पण जरा वेगळी, हेच मुलांना आवडतं. अहिरावण-महिरावणाची गोष्ट सांगितली असेल तर त्याला मैयराप शोधायला सांगा, तो झोपेचं औषध टाकून रामाला पाताळात पळवतो, आणि त्याआधी रामाला राखायला हनुमान एवढा मोठा होतो की सगळा तंबूच तोंडात धरून बसतो, ते चित्र बघून माझा भाचा तिथेच फतकल मारून बसला होता. आणि आपला हनुमान ब्रह्मचारी, पण यांच्या हनुमानाचं मात्र जमलंय. सेतूचे दगड पळवणारी सुवन्नमच्छा, रावणाची जलपरी मुलगी, तिच्याशी, आणि त्यांना मच्छानू नावाचा मुलगा, अर्धा माकड अर्धा मासा. आपल्या मकरध्वजाची आठवण येतेच. तुमच्या मुलाला "आपल्या गोष्टीपेक्षा काय काय वेगळं आहे, पाच गोष्टी शोध" एवढं सांगा, मोबाईल मागणार नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र हनुमानाच्या लग्नाचं जरा जपून.

प्रश्न: पॅलेसजवळ लोक "आज बंद आहे" सांगून फसवतात असं ऐकलं, खरं का?

उत्तर: खरं, आणि मी फसलेय. पांढरा शर्ट, गळ्यात कार्ड, इतका अदबीने बोलणारा माणूस, म्हणाला आज पूजा आहे, एक वाजता उघडेल, तोवर २० बाथमध्ये टुकटुक (तिथली रिक्षा) तुम्हाला तीन देवळं दाखवेल. २० बाथमध्ये तीन देवळं! आमचं मराठी मन विरघळलंच. एक देऊळ झालं आणि मग रत्नांचं दुकान, मग शिंप्याचं दुकान, तिथे गिऱ्हाईक नेलं की टुकटुकवाल्याला काहीतरी मिळतं. नीलम घेतला नाही एवढी अक्कल शाबूत होती, पण रेशमी टाय दोन घेऊन आले, आमच्या घरात टाय कोणी घालत नाही. परत आलो तर पॅलेस सकाळपासून उघडाच होता.

रस्त्यावर कोणी काहीही सांगो, मुख्य दारापर्यंत स्वतःच्या पायाने जायचं आणि गणवेशातल्या माणसाला विचारायचं, तेवढंच.

प्रश्न: आमचा दिवस शनिवार आहे. पॅलेस की चतुचक मार्केट? मला खरं सांगायचं तर खरेदीच करायचीये.

उत्तर: मग खरेदी करा, लाजायचं काय त्यात. चतुचक शनिवार-रविवारीच पूर्ण भरतं, दुकानं पंधरा हजारांच्या घरात, आणि गल्ल्या अशा की आवडलेलं दुकान दुसऱ्यांदा सापडत नाही, त्यामुळे "फिरून येऊन घेते" हे तिथे चालत नाही, आवडलं की घासाघीस करून घेऊन टाका. सकाळी लवकर जा, मेट्रो दारापर्यंत जाते. फक्त दोन्ही करू नका, घामाने निथळून पिशव्या सांभाळत पॅलेसला जाणं म्हणजे शिक्षा आहे.

प्रश्न: आमच्याकडे दोन विमानांच्या मध्ये चारच तास आहेत. धावतपळत वाट अरुण?

उत्तर: चार तासांत बाहेर पडायचं नाही. इमिग्रेशनची रांगच कधी कधी तासभर खाते. त्यापेक्षा डिपार्चरच्या भागात, पासपोर्ट तपासणीच्या पुढे, समुद्रमंथनाचं मोठं शिल्प आहे ते बघा, वर विष्णू उभा आणि एका बाजूला देव, एका बाजूला असुर, मध्ये वासुकी ताणलेला. बहुतेक लोक त्याच्यासमोर सेल्फी काढून गेटकडे पळतात. तुमच्याकडे चार तास आहेत, कॉफी घ्या आणि वासुकीचं तोंड कोणाच्या वाट्याला आलंय ते जाऊन बघा.