ओळी जोडणे आणि परिच्छेद पुन्हा मांडणे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

टेक्स्ट एडिटरमध्ये ओळी आणि परिच्छेद नीट मांडण्यासाठी स्वतःच्या कमांड कशा तयार कराव्यात, याविषयीचे प्रश्न सातत्याने येत आहेत. त्यांच्या मुळाशी एकच गोंधळ आहे. फाइलमधली ओळ म्हणजे न्यूलाइन या अदृश्य चिन्हापर्यंतचा मजकूर; पडद्यावरची ओळ म्हणजे खिडकीच्या रुंदीत मावेल तेवढा तुकडा; आणि परिच्छेद म्हणजे बहुतेक एडिटरांच्या लेखी दोन रिकाम्या ओळींमधला भाग. या तीन वेगळ्या गोष्टी एकच धरल्या की पुढची प्रत्येक कमांड चुकते.

प्रश्न: पीडीएफमधून मजकूर चिकटवला की प्रत्येक ओळ मध्येच तुटलेली येते. मी सगळ्या न्यूलाइन काढून तिथे एकेक स्पेस घातली, तर संपूर्ण प्रकरण एकाच परिच्छेदात आले. काय चुकले?

उत्तर: परिच्छेदांना वेगळे ठेवणारी रिकामी ओळ हीसुद्धा न्यूलाइनचीच बनलेली असते, आणि आपण तीही काढली. हे काम तीन पायऱ्यांत करावे. आधी लागोपाठ आलेल्या दोन किंवा अधिक न्यूलाइनच्या जागी मजकुरात कुठेही नसलेली एखादी खूण घालावी (ती खरोखरच नाही, हे शोधून पाहावे). मग उरलेल्या एकेकट्या न्यूलाइनच्या जागी स्पेस घालावी. शेवटी त्या खुणेच्या जागी पुन्हा दोन न्यूलाइन आणाव्यात. फाइल विंडोजवर तयार झालेली असेल, तर प्रत्येक ओळीच्या शेवटी न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्न हे आणखी एक चिन्ह असते. त्यामुळे डोळ्यांना रिकामी दिसणारी ओळ शोधाच्या दृष्टीने रिकामी नसते आणि पहिलीच पायरी निष्फळ ठरते. म्हणून ओळींच्या शेवटांचा प्रकार आधी एकसारखा करून घ्यावा. ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह दिसले की ते काढून शब्द जोडून टाकावा, असा सल्ला सर्रास दिला जातो; तो स्वीकारू नये. ‘आई-वडील’ हा शब्द नेमका त्या चिन्हापाशी तुटला असेल, तर कमांड त्याचा ‘आईवडील’ करून ठेवील. अशा जागा एकेक पाहून, खात्री करूनच बदलाव्यात. मूळ पीडीएफ ज्यांनी तयार केली त्यांच्याकडे मूळ मजकुराची फाइल मागता आली, तर हा सारा खटाटोपच वाचतो. आधी ती मागावी.

प्रश्न: खिडकी लहान केली की ओळी आपोआप दुमडतात. त्यामुळे फाइल बदलते का?

उत्तर: नाही, ती फक्त पडद्यावरची मांडणी असते.

प्रश्न: व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये मी केलेली कमांड स्वीकारलीच जात नाही. कमांडचे नाव मी सगळे लहान अक्षरांत दिले आहे.

उत्तर: व्हिममध्ये स्वतःच्या कमांडचे नाव मोठ्या अक्षरानेच सुरू व्हावे लागते.

प्रश्न: एक ओळ ८० अक्षरांपेक्षा मोठी असू नये, हा नियम कुणी केला? माझ्या कमांडमध्ये हाच आकडा ठेवू का?

उत्तर: सर्वांना लागू असलेला असा कोणताही नियम नाही. आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या छिद्रपत्रावर (भोके पाडून माहिती नोंदवण्याच्या कार्डावर) ८० रकाने होते, पुढे टर्मिनलच्या पडद्यांनीही तीच रुंदी घेतली, आणि सवय टिकली. ईमेलच्या मानकात ७८ अक्षरांची शिफारस आणि ९९८ ची कमाल मर्यादा आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या शैलीपत्रकात कोडसाठी ७९ आणि टिप्पण्यांसाठी ७२ हे आकडे आहेत. ईमॅक्स हा एडिटर काहीही न सांगता ७० वर परिच्छेद भरतो, म्हणजे त्या रुंदीत त्याच्या ओळी पुन्हा मांडतो. मजकूर शेवटी कुठे जाणार आहे, त्यावर आकडा ठरवावा, आणि काम अनेकांचे असेल तर त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

प्रश्न: मी परिच्छेद पुन्हा भरणारी कमांड लिहिली आणि एका शॉर्टकटला जोडली. चुकून ती संपूर्ण फाइलवर चालली. फाइलमध्ये कविता, एक तक्ता आणि काही पत्ते होते. ते सगळे सलग परिच्छेद झाले आहेत. ही गोष्ट तीन आठवड्यांनी लक्षात आली. आता काय करता येईल?

उत्तर: सर्वांत आधी ती फाइल आहे तशी बाजूला ठेवावी आणि तिच्यावर दुसरी कोणतीही दुरुस्ती-कमांड चालवू नये. अनडूचा (केलेले बदल मागे घेण्याचा) इतिहास बहुतेक एडिटरांत फाइल बंद करताच संपतो. व्हिममध्येही तो जपून ठेवण्याची सोय आधी सुरू केलेली असावी लागते. त्यामुळे आता भिस्त बॅकअपवर किंवा जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर आहे, आणि ती व्यवस्था जे पाहतात त्यांना आजच्या आज गाठावे, कारण बरेच बॅकअप ठरावीक मुदतीनंतर जुन्या प्रती टाकून देतात. तीन आठवडे हा फार मोठा काळ आहे. बदल झाल्या दिवशी फरक पाहण्याची सवय असती, तर हा प्रश्न मला पाठवावा लागला नसता.

आता मूळ चुकीकडे वळतो, कारण हीच चूक मी सर्वाधिक वेळा पाहतो आणि तिची मला खरोखर काळजी वाटते. व्हिममध्ये कमांड तयार करताना तिला ओळींचा पल्ला घेण्याची मुभा द्यावी लागते. ही मुभा नुसती दिली, तर काही न निवडता चालवलेली कमांड फक्त चालू ओळीवर काम करते. पण तिथे टक्क्याचे चिन्ह जोडले, तर न निवडलेला पल्ला म्हणजे संपूर्ण फाइल, असा अर्थ होतो. इंटरनेटवरचे नमुने हे चिन्ह बिनदिक्कत लावून ठेवतात आणि वाचक तसेच उचलतात. ओळी तोडणाऱ्या-जोडणाऱ्या कमांडने काही सांगितले नसता चालू परिच्छेदापुढे हात घालू नये. संपूर्ण फाइल हवी असेल, तर ती प्रत्येक वेळी हाताने निवडावी. त्यात दोन सेकंद जातात.

दुसरी गोष्ट कसोट्यांची. अशा कमांडचे काम फक्त मोकळ्या जागा आणि न्यूलाइन हलवण्याचे आहे, म्हणून तिची परीक्षा सोपी आहे. आधीच्या आणि नंतरच्या प्रतीतून सगळ्या मोकळ्या जागा काढून टाकाव्यात. उरलेली अक्षरे तंतोतंत जुळली पाहिजेत. शब्दांची संख्याही जुळली पाहिजे, कारण ‘बैठक’ आणि ‘सोमवारी’ एकमेकांना चिकटून ‘बैठकसोमवारी’ झाले तर पहिल्या कसोटीला ते कळत नाही. व्हिममध्ये नुसती मोठी जे ही कळ ओळी जोडताना मध्ये स्पेस घालते आणि लहान जी लावून मोठी जे दाबली तर घालत नाही, इतक्या लहानशा फरकाने ही चूक होते. यानंतर तीच कमांड त्याच मजकुरावर दुसऱ्यांदा चालवावी. दुसऱ्या वेळी एकही अक्षर हलता कामा नये. हलले, तर कमांड सदोष आहे, आणि ती मौल्यवान मजकुरावर वापरू नये.

या कसोट्या पार करूनही अर्थ बिघडू शकतो. मार्कडाउन या साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी सांगणाऱ्या पद्धतीत ओळीच्या शेवटच्या दोन स्पेस म्हणजे ‘इथे ओळ तोडा’ ही सूचना असते. फाइल सेव्ह करताना शेवटच्या रिकाम्या जागा पुसणारी एक सोय मी अनेक वर्षे वापरत होतो. तिने एका संग्रहातल्या कडव्यांच्या ओळी एकमेकींना जोडल्या, आणि अक्षरे जशीच्या तशी असल्याने माझ्या तपासणीत ते आले नाही. उलट बाजूनेही असेच होते. ‘तापमान - किमान आणि कमाल’ या वाक्यातली आडवी रेघ नवीन मांडणीत ओळीच्या सुरुवातीला गेली, की मार्कडाउन तिला यादीतला मुद्दा समजते आणि वाक्य दोन तुकड्यांत दिसते. म्हणून कविता, तक्ते, पत्ते आणि कोड यांना आपली कमांड स्पर्श करणार नाही, अशी तजवीज कमांडमध्येच असावी, आणि मजकूर दुसऱ्याचा असेल तर ज्याचा आहे त्याला दाखवून मगच तो कायम करावा.

प्रश्न: मराठी मजकूर ७२ च्या रुंदीत बसवायला सांगितला, तर ओळी फारच आखूड येतात आणि कधी अक्षरांच्या जागी विचित्र चिन्हे दिसतात. फाँट बदलू का?

उत्तर: फाँटचा येथे काहीही संबंध नाही. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे संगणकात साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणुकीची लहान एकके) घेते. ओळी तोडणाऱ्या ‘फोल्ड’सारख्या साधनांच्या अनेक जुन्या आवृत्त्या अक्षरांऐवजी बाइट मोजतात, म्हणजे ७२ च्या रुंदीत जेमतेम २४ चिन्हे बसतात, आणि तोडण्याची जागा तीन बाइटांच्या मध्येच आली तर ते चिन्हच फुटते. बाइट सोडून यूनिकोड चिन्हे मोजली तरी हिशेब पुरा होत नाही. ‘क्षत्रिय’ हा शब्द पाहावा: बाइट २४, यूनिकोड चिन्हे ८, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांना अक्षरे तीनच, क्ष, त्रि, य. जोडाक्षर हे एकच एकक मानण्याचा नियम यूनिकोडच्या मजकूर-विभाजनात २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत आला, त्यामुळे जुन्या साधनांकडून त्याची अपेक्षा ठेवता येत नाही. आपल्या कमांडने फक्त स्पेसपाशीच ओळ तोडावी, हा त्यावरचा भरवशाचा उपाय आहे. व्हिमच्या ‘फॉरमॅटऑप्शन्स’ या ओळी मांडण्याच्या सेटिंगमध्ये लहान एम हे अक्षर असेल तर ते काढावे, प्रत्येक अक्षर स्वतंत्र शब्द असणाऱ्या लिप्यांसाठी ते आहे आणि देवनागरी शब्द ते मध्येच तोडू देते. ईमॅक्स वापरत असाल, तर पूर्णविरामानंतर दोन स्पेस असल्या तरच वाक्य संपले असे तो मुळात धरतो, आणि एकच स्पेस असेल तिथे ओळ तोडणे टाळतो. मराठी मजकुरासाठी ही सेटिंग बंद करावी. इतके करूनही अक्षरे फुटत असतील, तर फाइलचे एन्कोडिंगच वेगळे असण्याचा संभव आहे, आणि ते अंदाजाने बदलण्याऐवजी फाइलची प्रत जाणकाराला दाखवावी.

प्रश्न: एका संकेतस्थळावर मजकूर टाकला की तो एका क्लिकमध्ये नीट करून मिळतो, पैसे भरले तर मोठ्या फाइलीही चालतात. घ्यावे का?

उत्तर: घेऊ नये. परिच्छेद भरण्याची सोय ईमॅक्समध्ये ऑल्ट आणि क्यू या कळांवर आहे, सब्लाइम टेक्स्टमध्येही त्याच कळांवर आहे, व्हिममध्ये जी-क्यू आहे. ओळी जोडण्यासाठी नोटपॅड प्लस प्लसमध्ये कंट्रोल आणि जे आहे, आणि व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमध्ये ‘जॉइन लाइन्स’ आहे. जे आधीपासून हातात आहे तेच नव्या वेष्टनात विकले जाते, याचा मला मनस्वी राग येतो. त्याहून गंभीर बाब अशी, की करार, पत्रव्यवहार किंवा रुग्णांची माहिती अनोळखी सर्व्हरवर चढवली जाते आणि तिथे तिचे काय होते हे चढवणाऱ्याला ठाऊक नसते. मजकूर कार्यालयाचा असेल, तर वरिष्ठांची लेखी परवानगी असल्याशिवाय असे कधीही करू नये.

प्रश्न: आमच्या गटाच्या दस्तऐवजात मी एक शब्द सुधारतो आणि नंतर परिच्छेद भरतो. तपासणारे म्हणतात, ‘तुम्ही अख्खा परिच्छेद बदलला आहे.’ माझी कमांड चुकीची आहे का?

उत्तर: कमांड बरोबर आहे, तिची वेळ चुकीची आहे. ओळीनिहाय फरक दाखवणारी साधने, एक शब्द वाढल्याने खाली सरकलेली प्रत्येक ओळ बदललेली दाखवतात, आणि खरा बदल त्यात हरवतो. शब्दांची सुधारणा आणि परिच्छेदांची मांडणी या दोन वेगवेगळ्या नोंदी कराव्यात. प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर लिहिणे हा याहून चांगला मार्ग आहे. मार्कडाउन आणि लेटेक्स (छपाईसाठी मजकूर मांडणारी प्रणाली) साध्या न्यूलाइनला स्पेससारखेच धरतात, त्यामुळे छापील रूप बदलत नाही आणि फरक त्या एका वाक्यापुरताच दिसतो. परिच्छेदाची ओळ-वाक्यांत फोड करणारी कमांड लिहिताना ‘डॉ.’ आणि ‘इ. स.’ यांतल्या टिंबांशी ती थांबणार नाही, एवढे पाहावे. मात्र जुना दस्तऐवज अशा रीतीने बदलण्याआधी गटातील सर्वांची संमती घ्यावी, आणि कुणाचे काम अर्धवट चालू असेल तर ते पूर्ण होईपर्यंत थांबावे.