वहीतल्या नोंदींमधले पाळकसाहेब

प्रश्न : माझे वडील सांगली परिसरातील एका लहानशा बॅप्टिस्ट मंडळीचे (चर्चचे) बत्तीस वर्षे पाळक होते. गेल्या वर्षी ते प्रभूकडे गेले. पहिल्या स्मृतिदिनाच्या उपासनेच्या वेळी स्मरणिका काढायचे मंडळीने ठरवले असून मजकुराची जबाबदारी माझ्यावर आली आहे. आमच्याकडची बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे प्रेस्बिटेरियन परंपरेतली, त्यामुळे बॅप्टिस्ट म्हणजे निराळे काय आणि मराठी मुलखाशी त्यांचा संबंध तो काय, असे नातेवाईकच विचारतात. वडिलांनी मोठे मंदिर बांधले नाही, ग्रंथ लिहिला नाही; मंडळीही साठ-सत्तर माणसांपलीकडे गेली नाही. दिवाळीनंतर कृष्णेचे पाणी उतरले की बाप्तिस्म्याचा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती दीक्षा देण्याचा, दिवस ठरे. ते आधी स्वतः पाण्यात उतरून काठीने तळ चाचपत आणि मगच नव्या माणसाचा हात धरत. मागे राहिली ती त्यांची सायकल आणि कापडी पिशवीतली एक वही. वहीत बाप्तिस्मा घेतलेल्यांची नावे आहेत आणि नावांखाली ‘मुलीची फी राहिली’, ‘आईचा डोळा, मिरजेला नेणे’ अशा नोंदी आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात वही भिजली, तेव्हा त्यांनी पान न् पान वाळवले आणि पुसलेली नावे घरोघर विचारून पुन्हा लिहिली. आईने या सगळ्यात फार सोसले. ते लिहावे की नाही, हेही कळत नाही. एवढ्याशा सामग्रीवर जीवनचरित्र कसे लिहावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आपले पत्र वाचल्यापासून त्यातला ‘एवढ्याशा’ हा शब्द मनातून जात नाही. पाळकाचे काम जिथे घडते, ती जागा तर आपण पत्रातच दाखवली आहे. स्मरणिकेचा आरंभ जन्मतारीख आणि शिक्षण यांनी न करता त्या वहीने करावा. ‘आईचा डोळा, मिरजेला नेणे’ या नोंदीमागे कोणाची आई होती, सायकलवरून तिला कुठपर्यंत नेले, पुढे दिसू लागले की नाही, हे सांगणारी माणसे अजून हयात असतील. त्यांच्याकडे जावे आणि ती बोलतील तसे, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. ‘त्यागमूर्ती’ किंवा ‘थोर सेवक’ अशी विशेषणे कोणत्याही पाळकाला लावता येतात. ही नोंद मात्र आपल्या वडिलांचीच आहे.

आता परंपरेविषयी. सतराव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमध्ये आश्रयाला गेलेल्या काही इंग्रज विश्वासीयांनी, बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला न देता, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करणाऱ्यालाच द्यावा असे ठरवले. त्यांच्यातले थॉमस हेल्विस मायदेशी परतले, लंडनजवळ त्यांनी मंडळी उभी केली आणि माणसाच्या श्रद्धेवर राजाचा अधिकार चालत नाही असे उघडपणे लिहिल्याबद्दल तुरुंगवास भोगला. पुढे पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देणे ही या परंपरेची ओळख झाली, आणि आपला कारभार मंडळीने स्वतः पाहावा, पाळकही तिनेच निवडावा, ही रीत पडली. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत विश्वासी आईबापांच्या बाळालाही बाप्तिस्मा देतात, तो बहुधा पाणी शिंपडून. स्मरणिकेत हा फरक सांगावा, पण वादाचा सूर लावू नये, कारण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा त्यात बॅप्टिस्टही सामील झाले आणि दोन्ही पद्धतींना एकाच घरात जागा मिळाली. खरे सांगायचे तर, काठीने तळ चाचपणारे वडील ज्या वाक्यात आले आहेत, ते आपले वाक्य माझ्या या परिच्छेदापेक्षा अधिक सांगते. ते जसेच्या तसे छापावे.

मराठीशी संबंध विचारणाऱ्यांना विल्यम कॅरी यांचे नाव सांगावे. इंग्लंडात जोडे शिवण्याचा धंदा करता करता ते मोल्टन येथे आणि नंतर लेस्टर येथे बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले, १७९३ मध्ये बंगालात आले आणि १८०० पासून कोलकात्याजवळच्या श्रीरामपुरात राहिले (आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर निराळे). इंग्रज अधिकाऱ्यांसाठी कोलकात्यात काढलेल्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी लिपीत छापलेला मराठी कोश सिद्ध केला. १८११ मध्ये बायबलमधला नवा करार मराठीत निघाला. त्या भाषांतराची मराठी पुढे मुंबईकडच्या वाचकांना परकी वाटली आणि अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर केले, हेही खरे आहे. तरी मराठीच्या छपाईचा आणि कोशरचनेचा इतिहास या बॅप्टिस्ट पाळकाला वगळून लिहिता येत नाही.

कॅरींच्या चरित्रातल्या दोन गोष्टी आपल्या वडिलांच्या फार जवळच्या आहेत. कॅरींनी बंगालात पाऊल ठेवल्यावर पहिला बंगाली माणूस, कृष्ण पाल नावाचा सुतार, हुगळीच्या पाण्यात बाप्तिस्म्यासाठी उतरला तो २८ डिसेंबर १८०० रोजी, म्हणजे तब्बल सात वर्षांनी. साठ-सत्तरांची मंडळी लहान म्हणणाऱ्यांना हे अवश्य ऐकवावे. दुसरी गोष्ट ११ मार्च १८१२ ची. त्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली आणि भाषांतरांची हस्तलिखिते, वर्षानुवर्षे खपून जमवलेल्या बहुभाषी कोशाची पाने आणि ढिगांनी टाइप नष्ट झाले. कॅरी त्या वेळी कोलकात्यात होते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी राख पाहिली. वितळलेल्या शिशातून पुन्हा टाइप ओतले गेले आणि ते गेलेली भाषांतरे नव्याने लिहायला बसले. आपल्याला काय जमते, हे सांगताना त्यांनी पुतण्याजवळ एवढाच दावा केला होता की हाती घेतलेले काम मला नेटाने रेटता येते. महापुरानंतर भिजलेली वही घेऊन पुन्हा दारोदार जाणारे पाळकसाहेब त्याच जातीचे होते, असे मला मनापासून वाटते.

आईविषयी लिहावे की नाही, हा प्रश्न आपण शेवटी विचारला असला तरी माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कॅरींच्या पत्नी डोरोथी भारतात यायला राजी नव्हत्या; १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर दगावला, त्यानंतर त्यांचे मन ढळले आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते सावरले नाही. कॅरींचा गौरव करणाऱ्या अनेकांनी ही बाजू दोन ओळींत उरकली आणि त्यामुळे कॅरींचे चित्रही अपुरे राहिले. पाहुण्यांसाठी ऐन वेळी टाकलेल्या भाकरी, महिनाअखेरची ओढाताण, रात्री-अपरात्री वाजणारी कडी, हे सारे आईच्या वाट्याला आले असेल, तर आईला विचारून, तिला रुचेल तेवढे, तिच्याच नावाने छापावे. वडिलांच्या रागाचा किंवा घराकडे झालेल्या दुर्लक्षाचा उल्लेख आला तरी तो गाळू नये; मंडळीतल्या लोकांनी त्यांना जवळून पाहिले आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. वहीतल्या नोंदी लोकांच्या अडचणींच्या आहेत आणि त्या विश्वासाने सांगितलेल्या आहेत, म्हणून त्या त्या कुटुंबाची परवानगी घेतल्याशिवाय नाव छापू नये. ‘एका मुलीची फी’ एवढेही पुरेल. मूळ वही छापखान्यात देऊ नये. घरीच उजेडात प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, एक प्रत मंडळीकडे व एक आपल्याकडे ठेवावी, आणि पुराच्या डागांचे एक पान, पुसलेले नाव आणि त्यावर पुन्हा लिहिलेले नाव दोन्ही दिसतील असे, त्या कुटुंबाला विचारून मुखपृष्ठावर घ्यावे.