गुलमर्गसाठी हायब्रीड स्की बाइंडिंग घ्यावे का?

आपण नांदेडहून विचारले आहे की, उत्तराखंडातल्या औलीला स्कीइंगचा प्राथमिक अभ्यासक्रम झाल्यानंतर आपण हिवाळ्यात गुलमर्गला जाता, तिथे स्की आणि बूट दोन्ही भाड्याने घेता, आणि आता गंडोलाने (रोपवेने) वर जाऊन उतरणे व स्किन, म्हणजे मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या, स्कीच्या तळाला लावून स्वतःच्या पायांनी चढणे ही दोन्ही कामे एकाच जोडीवर करण्यासाठी हायब्रीड बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारी दुहेरी कामाची यंत्रणा, घेणे योग्य ठरेल का. माझे उत्तर होकारार्थी आहे, परंतु खरेदीचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी बूट, मग बाइंडिंग. मी संभाजीनगरला राहतो, दर हिवाळ्यात जमेल तसा गुलमर्गला जातो आणि याच प्रकारचे बाइंडिंग वापरतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बाइंडिंगकडून आपण परस्परविरोधी अपेक्षा ठेवतो. उतरताना बूट स्कीला पूर्ण जखडलेला हवा, पण पडल्यावर गुडघा किंवा नडगी मोडण्याआधी तो सुटलाही पाहिजे. चढताना मात्र टाच मोकळी हवी आणि वजन शक्य तितके कमी हवे. उतारासाठीच्या साध्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये पुढचे जबडे बुटाचा चवडा धरतात आणि बाजूने जास्त जोर आला तर उघडतात, तर मागचा भाग टाच वर ओढली गेल्यावर सुटतो. दोन्हीकडे स्प्रिंग असल्यामुळे बूट थोडा सरकून पुन्हा मध्यावर येऊ शकतो. हे सरकून परत येण्याचे अंतर जितके जास्त, तितके कडक, खडबडीत बर्फावर बाइंडिंग विनाकारण सुटण्याचे प्रमाण कमी.

चढाईसाठी ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी 1980 च्या दशकात पिनांचे बाइंडिंग तयार केले. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी बसवलेल्या पोलादी खाचांत दोन पिना शिरतात आणि बूट दाराच्या बिजागरीसारखा त्यांच्यावर फिरतो. त्यातली हलकी बाइंडिंग तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतात आणि चढाईला त्यांना तोड नाही. परंतु पारंपरिक रचनेत बाजूने सुटण्याची सोय पुढच्या भागात नसते, ते काम मागच्या भागाला करावे लागते, आणि सरकून परत येण्याचे अंतरही तुटपुंजे असते. दिवसभर गंडोलाच्या फेऱ्या मारून घट्ट झालेल्या बर्फावर वेगाने उतरणाऱ्या माणसाला मी असे बाइंडिंग सुचवणार नाही.

या दोन टोकांच्या मधली जागा भरण्याचे प्रयत्न बरेच झाले. फ्रेम बाइंडिंगमध्ये पूर्ण अल्पाइन बाइंडिंग एका दांडीवर बसवलेले असते आणि चढताना ती दांडीच टाचेबरोबर उचलली जाते. 2007 मध्ये आलेले मार्कर कंपनीचे ड्यूक हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. उतरायला ते भक्कम आहे, पण दर पावलाला पायाखालचे सगळे लोखंड उचलावे लागते. त्यानंतर मार्करच्याच किंगपिनने पुढे पिना आणि मागे अल्पाइन पद्धतीची टाच अशी जोडणी केली, आणि फ्रिटशीच्या टेक्टनने त्याच जोडणीत पुढच्या भागालाही बाजूने सुटण्याची सोय दिली. सॉलोमन आणि अटॉमिक यांचे शिफ्ट 2018 मध्ये आले. त्याच्या पुढच्या भागात चढताना पिना काम करतात, आणि कळ फिरवून बदल केला की त्याच जागी अल्पाइन जबडे येतात, त्यामुळे उतरताना पिनांचा काहीच संबंध राहत नाही. वजन एका पायाला सुमारे नऊशे ग्रॅम. मार्करच्या ड्यूक पीटीमध्ये आणि कास्ट कंपनीच्या जोडणीत चढताना पुढचा अल्पाइन भाग काढून पाठपिशवीत ठेवतात. ती दोन्ही उंच कड्यांवरून उड्या मारणाऱ्यांसाठी उत्तम आहेत, आपल्याला त्यांची गरज दिसत नाही.

आता बुटाकडे येतो, कारण आपल्या प्रश्नात खरी अडचण तिथे आहे. भाड्याने मिळणारे बूट सहसा साधे अल्पाइन असतात, त्यांच्या टोकाला पिनांसाठीच्या खाचा नसतात. असा बूट घालून आपण शिफ्टवर उतरू शकाल, पण चढू शकणार नाही, कारण चढाई पूर्णपणे पिनांवर होते. किंगपिन आणि टेक्टन तर अशा बुटावर मुळीच चालणार नाहीत. उलट टोकाला, अतिशय हलक्या टूरिंग, म्हणजे चढाईसाठीच्या, बुटांना पुढे जबड्यात बसणारी कडच नसते. त्यांना पिना चालतात, पण शिफ्टचे जबडे त्यांना धरू शकत नाहीत. म्हणून खाचाही आहेत आणि पुढची-मागची कडही आहे, असा बूट घ्यावा; तळ आयएसओ 9523 या टूरिंग बुटांच्या मानकाप्रमाणे किंवा ग्रिपवॉक या चालायला सोप्या प्रकारचा असला तर शिफ्टमध्ये तो बसतो. बुटात चालण्यासाठी नडगीमागची कळ आहे ना, हेही पाहावे. बूट इंटरनेटवरून मागवू नये, पायात घालून निदान अर्धा तास उभे राहून मगच घ्यावा. आपल्या भागात असे दुकान नसल्याने हे काम दिल्लीत किंवा डोंगराच्या पायथ्याशीच करावे लागेल, आणि त्यासाठी प्रवासातला एक दिवस राखून ठेवणे मला अजिबात जास्त वाटत नाही.

गुलमर्गची रचना या निवडीला अनुकूल आहे. गाव सुमारे 2,650 मीटरवर आहे, गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत नेतो आणि दुसरा अफरवतच्या उतारावर जवळपास 3,950 मीटरपर्यंत. दाबून सपाट केलेल्या पट्ट्या तिथे मोजक्याच आहेत. दुसऱ्या टप्प्यावरून उतरणारा माणूस बहुतेक वेळ नैसर्गिक बर्फावरच असतो. म्हणजे एकाच दिवसात उताराचे बरेचसे मीटर गंडोला देतो, आणि स्किन लावण्याची वेळ डोंगराच्या धारेपर्यंतच्या चढाला, कुठल्या दरीतून परत वर येताना किंवा दुसरा टप्पा वाऱ्यामुळे बंद असताना येते. आपला दिवस असा जाणार असेल, तर उतारावरची सुरक्षितता आधी आणि चढाईतले वजन नंतर, असाच हिशेब मी मांडेन. त्या हिशेबात शिफ्ट बसते. आपण गंडोला जवळजवळ सोडूनच देणार असाल आणि औलीच्या वरच्या गोरसन बुग्याळसारख्या सौम्य, लांब चढाया हेच ध्येय असेल, तर मात्र टेक्टन घ्यावे. पुढची दोनतीन वर्षे भाड्याचेच बूट राहणार असतील, तर अजून काहीच विकत घेऊ नये.

शिफ्ट दोन ताकदींत मिळते, एकाचे माप 4 ते 10 आणि दुसऱ्याचे 6 ते 13. हे आकडे सुटण्यासाठी लागणाऱ्या जोराचे आहेत. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून आपला आकडा ठरतो. साठ-पासष्ट किलोच्या, मध्यम वेगाने उतरणाऱ्या माणसाचा आकडा बहुधा पाच-सहाच्या घरात येतो, आणि त्याला 13 चे बाइंडिंग घेणे म्हणजे मापाच्या अगदी तळाशी, कधी तळाखालीही, राहणे होय. आकडा स्वतः ठरवू नये. तो तंत्रज्ञाने आपल्या स्वतःच्या बुटावर लावून तपासावा. शिफ्टमध्ये आणखी एक जुळवणी असते: चवड्याखालची सरकती पट्टी बुटाच्या तळाला नेमकी टेकेल इतकीच वर आणावी लागते. ती खाली राहिली तर बूट डळमळतो, जास्त वर गेली तर अडकतो आणि वेळेवर सुटत नाही. बूट बदलला की ही जुळवणी पुन्हा करावी.

चढताना पुढची कळ कुलूपबंद केल्यावर बाइंडिंग सुटत नाही, हे कृपया कायम लक्षात ठेवावे. अशा अवस्थेत हिमस्खलनात सापडलो तर स्की पायाला अडकून माणसाला खाली ओढतात. त्यामुळे धोक्याच्या उतारावर पाऊल टाकण्याआधी उताराचा कोन आणि त्या दिवसाची हिमस्खलनाची सूचना पाहणे आवश्यक आहे, आणि ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) व फावडे जवळ असणे व ते वापरता येणे हे बाइंडिंगच्या खर्चाआधी यायला हवे. उतारासाठी बदल करताना पिनांभोवतीचा आणि बुटाच्या खाचांतला बर्फ काठीच्या टोकाने काढावा, मग जबडे पूर्ण बसले आहेत का ते हाताने हलवून पाहावे.

बाइंडिंग बसवण्यासाठी स्कीला पडणारी भोके पुन्हा बुजवता येत असली, तरी स्की कमकुवत होतेच. त्या त्या बाइंडिंगच्या साच्यावरून, ठरावीक खोलीच्या ड्रिलनेच ती पाडावीत; आपल्याकडचा सुतार कितीही कुशल असला तरी हे काम त्याच्याकडे देऊ नये. नंतर स्क्रू तपासायला क्रमांक 3 चा पोझिड्राइव्ह टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रूचे डोके खराब होते. बाइंडिंगच्या ब्रेकची रुंदी स्कीच्या कमरेपेक्षा, म्हणजे मधल्या अरुंद भागापेक्षा, थोडीच जास्त असावी.

शेवटचा मुद्दा आपल्या हवामानाचा. एप्रिल-मे महिन्यांत नांदेडचा पारा चाळीसच्या वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या स्किनचा गोंद त्या उष्णतेने मऊ होऊन पुढच्या हंगामात स्कीवर चिकटत नाही किंवा तळाला लगदा सोडतो. स्किनला मधली जाळी लावून त्या घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत ठेवाव्यात, आणि बाइंडिंगवर कापड गुंडाळून स्की पिशवीत बंद कराव्यात, म्हणजे उन्हाळ्यातली धूळ स्प्रिंगपर्यंत पोहोचणार नाही. डिसेंबरमध्ये सचखंड एक्सप्रेसला बसण्यापूर्वी दोन्ही बाइंडिंग एकदा चढाईच्या आणि एकदा उताराच्या स्थितीत घालून पाहावीत. काही अडकत असेल तर गुलमर्गला पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी तंत्रज्ञाकडे जाता येते.