व्हीएनएससाठी निवृत्तीची ठेव मोडावी का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक चोवीस वर्षांची, तीन औषधं बदलून झाली तरी आठवड्याला दोन-तीन फिट येतातच. ती आंघोळीला गेली की तुम्ही दाराबाहेर उभ्या राहता आणि आतून कडी लावू देत नाही, तिथे मी वाचता वाचता थांबलो. डॉक्टरांनी व्हीएनएस सुचवलंय, म्हणजे मानेतल्या नसेला हलका विजेचा करंट देऊन फिट कमी करणारं, शरीरात बसवायचं यंत्र. त्याचा खर्च निवृत्तीच्या ठेवीच्या साठ टक्के येतो. उरलेल्या चाळीस टक्क्यांतून कर्ज फेडून टाकावं, म्हणून सगळीच ठेव मोडायची, असं यजमानांचं म्हणणं आहे.

उपचारासाठी ठेवीला हात लावायला माझी हरकत नाही. सगळी मोडायला मात्र आहे, आणि आज तर मुळीच मोडू नका.

दोन योग्य औषधं नीट घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार. पुढच्या औषधाने त्या पूर्ण थांबण्याची आशा फार थोडी असते, म्हणून नुसतं थांबून राहण्यात बचत नाही. पण फिट मेंदूत नेमकी कुठून सुरू होते याची पूर्ण तपासणी, म्हणजे व्हिडिओ ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरी आणि रुग्णाचं चित्रण एकत्र टिपणारी तपासणी) आणि एमआरआय, झाल्याचं तुमच्या पत्रात कुठेच नाही. पहिला पैसा तिथे घाला. जागा एकच आणि काढता येण्यासारखी निघाली, तर शस्त्रक्रियेचा पर्याय खुला होतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टेम्पोरल लोबच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या, शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने 58 टक्के रुग्णांना शुद्ध हरपणाऱ्या फिट येत नव्हत्या. नुसत्या औषधांवर हे प्रमाण 8 टक्के होतं. व्हीएनएसकडून एवढी अपेक्षा धरू नका. वर्ष-दोन वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांच्या फिट निम्म्यावर येतात, पूर्ण थांबणं क्वचितच. तुमच्या घरात निम्म्या फिट हासुद्धा केवढा दिलासा असेल, हे मला कळतं.

आता यंत्राचं गणित. छातीत डाव्या बाजूला त्वचेखाली जनरेटर, म्हणजे करंट देणारी बॅटरीची डबी, बसतो आणि त्याची वायर मानेतल्या व्हेगस नसेला गुंडाळतात. सहसा 30 सेकंद करंट आणि 5 मिनिटं विश्रांती, असं दिवसरात्र चालतं. त्याची बॅटरी चार्ज होत नाही. ती किती वर्षं पुरेल हे सेटिंगवर ठरतं, आणि संपली की पुन्हा शस्त्रक्रिया करून जनरेटरच बदलावा लागतो. खर्चात मोठा वाटा जनरेटरचाच असतो. म्हणजे आज दिसणारे साठ टक्के हा पहिला हप्ता समजा. उरलेले चाळीस कर्जात घातले आणि पाच वर्षांनी बॅटरी संपली, तर तेव्हा निवृत्त झालेल्या तुमच्या यजमानांना नवं कर्ज कोण देणार? चालू कर्जाचा हप्ता झेपतोय, तो तसाच चालू द्या. चाळीसमधली मोठी रक्कम फक्त बॅटरीच्या नावाने वेगळी ठेवा.

औषधांचा खर्च वाचेल असं यजमानांनी धरलंय, ती ओळ खोडा. यंत्र बसलं तरी औषधं चालूच राहतात. उलट एक ओळ वाढवा. करंट एकदम पूर्ण देत नाहीत, टप्प्याटप्प्याने वाढवतात. सुरुवातीला फेऱ्या बऱ्याच होतात आणि प्रत्येक फेरीला तपासणीची फी, प्रवास, कुणाची तरी रजा. आणखी एक, लेक मुलांना शिकवते ना? करंट चालू असताना बऱ्याच जणांचा आवाज घोगरा होतो. पहिले काही महिने तिची कमाई कमीच धरा.

विमा कंपनीला तोंडी विचारू नका. जनरेटर आणि वायर मिळतील का, त्यांना कमाल मर्यादा आहे का, बॅटरी बदलण्याची शस्त्रक्रिया त्यात बसते का, ही तिन्ही उत्तरं लेखी घ्या.

आरएनएस आणि डीबीएस ही मेंदूतच इलेक्ट्रोड घालायची यंत्रं आहेत. तपासणीनंतर डॉक्टरांनी त्यातलं काही सुचवलं, तरी बॅटरीचा प्रश्न तिथेही विचारा.

तपासणीचा अहवाल आणि विम्याचं उत्तर हाती आलं की मला लिहा. ठेवीतून नेमकी किती रक्कम काढायची ते तेव्हा ठरवू. तोवर फिटची वही रोज भरा: तारीख, वेळ, किती मिनिटं. पुढे यंत्र बसवलंच, तर त्याचा उपयोग होतोय की नाही हे त्या वहीवरूनच दिसेल.